विश्लेषण : चष्म्याचा नंबर रक्तातून येतो की दप्तरातून? कार्ल पिअर्सन यांचे उत्तर कुठे चुकले?

घरातल्या मुलाला चष्मा लागला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘तुमच्याकडे सगळेच चष्मेवाले’. दुसरे, ‘दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसल्यावर दुसरे काय होणार?’ पहिले वाक्य आनुवंशिकतेला दोष देते, दुसरे सवयींना. मोबाइल नव्हता तेव्हाही हा वाद होता, फक्त तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात शाळा आणि पुस्तके होती. लंडनमधील एका गणितज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी तो आकड्यांच्या बळावर कायमचा मिटवण्याचा प्रयत्न केला. त्याने वापरलेली गणिती साधने आजही जगभर वापरली जातात. त्याचे उत्तर मात्र टिकले नाही. कार्ल पिअर्सन यांच्या आयुष्याची आणि त्या उत्तराची ही गोष्ट.

कार्ल पिअर्सन कोण होते?

आधुनिक संख्याशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक. जन्म २७ मार्च १८५७, लंडन. वडील वकील होते. प्रकृतीमुळे शाळा मध्येच सोडावी लागली, तरी पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि १८७९मध्ये तेथील गणिताच्या अवघड परीक्षेत ते तिसरे आले. स्वभाव पहिल्यापासून बंडखोर. कॉलेजातील सक्तीच्या धार्मिक शिक्षणाविरुद्ध त्यांनी विद्यार्थिदशेतच भांडण काढले.

पदवीनंतर ते जर्मनीत गेले. हायडेलबर्ग आणि बर्लिन येथे भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान, रोमन कायदा असे बरेच काही शिकले. जर्मनीचा प्रभाव इतका की जन्मनावातील ‘सी’ काढून तेथे ‘के’ आला आणि तो कायम राहिला. परतल्यावर वकिलीची सनद घेतली, पण वकिली केली नाही. कामगारांसमोर मार्क्स आणि लासाल यांच्यावर व्याख्याने दिली. स्त्री-पुरुष संबंधांवर मोकळी चर्चा करणारा एक क्लब काढला. तेथेच भेटलेल्या मारिया शार्प यांच्याशी १८९०मध्ये त्यांचे लग्न झाले. १८८४पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये उपयोजित गणिताचे प्राध्यापक होते. १८९२मध्ये आलेले त्यांचे ‘द ग्रामर ऑफ सायन्स’ हे पुस्तक पुढे तरुण आइनस्टाइन आणि त्यांच्या मित्रांनीही वाचले.

गणितज्ञ आनुवंशिकतेकडे कसा वळला?

दोन माणसांमुळे. पहिले फ्रान्सिस गाल्टन, म्हणजे चार्ल्स डार्विन यांचे नात्यातले भाऊ. आईवडिलांचे गुण मुलांत किती उतरतात हे मोजण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. त्यांचे १८८९चे ‘नॅचरल इनहेरिटन्स’ हे पुस्तक पिअर्सन यांच्या हाती पडले. दुसरे प्राणिशास्त्रज्ञ राफेल वेल्डन. खेकडे आणि कोळंब्यांची हजारो मोजमापे त्यांच्याकडे होती, पण त्यांतून अर्थ काढण्याचे गणित नव्हते. ते गणित पिअर्सन यांनी उभे केले.

पुढची दहा-बारा वर्षे झपाट्याची होती. ‘प्रमाण विचलन’ ही संज्ञा, सहसंबंध गुणांकाचे आज वापरात असलेले सूत्र, १९००मध्ये काय-वर्ग चाचणी. १९०१मध्ये गाल्टन आणि वेल्डन यांच्यासह ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक. आज औषधाची चाचणी असो वा निवडणुकीचा अंदाज, यांपैकी काही ना काही वापरावेच लागते.

सहसंबंध गुणांक म्हणजे काय?

दोन गोष्टी किती प्रमाणात जोडीने बदलतात, हे सांगणारा एक आकडा. उंच बापांची मुले हटकून उंच निघाली, तर गुणांक १च्या जवळ जाईल. बापाच्या उंचीचा मुलाच्या उंचीशी काही संबंधच नसेल, तर तो शून्याच्या आसपास राहील. पिअर्सन आणि त्यांच्या सहकारी अॅलिस ली यांनी कुटुंबाकुटुंबांतून मोजमापे मागवली. त्यातील बाप-मुलाच्या १,०७८ जोड्यांची उंची आजही संख्याशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून शिकवली जाते. तेथे गुणांक साधारण अर्धा, म्हणजे ०.५च्या आसपास आला.

मग भावंडांच्या डोळ्यांचा रंग पाहिला, शिक्षकांना विचारून मुलांचा स्वभाव आणि हुशारी यांचे आकडे जमवले. तेथेही भावंडांमधील गुणांक अर्ध्याच्या आसपास. पिअर्सन यांनी यातून अर्थ काढला की शरीर जसे वारशाने येते, तसेच मनही येते. घर, शाळा, संस्कार यांचा वाटा किरकोळ. हुशार भावंडे एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलेली असतात, हा साधा मुद्दा या गणितात कुठेच नव्हता.

शाळा आणि चष्मा यांचा वाद काय होता?

लघुदृष्टी म्हणजे जवळचे स्पष्ट आणि लांबचे अंधुक दिसणे, आपल्या बोलीत ‘मायनस नंबर’. बहुतेकांत त्याचे कारण म्हणजे डोळ्याचा गोल पुढून मागे जरा जास्त लांब वाढणे. प्रौढांच्या डोळ्याची ही लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती एखादा मिलिमीटर वाढली तरी नंबर अडीच-तीनने वाढतो.

हेर्मान कोन या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात, १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीची मुले शंभरात दोनही नव्हती. विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या वरच्या शाळांत ती शंभरात पंचवीसच्या आसपास होती. इयत्ता वाढेल तसे प्रमाण वाढत होते. यानंतर युरोपभर बाकांची उंची, खिडक्यांचा उजेड आणि पुस्तकांच्या अक्षरांचा आकार यांवर चर्चा सुरू झाली. लंडनमध्ये तर १९०८मध्ये तीव्र लघुदृष्टीच्या मुलांसाठी वेगळा वर्ग निघाला. तेथे नेहमीचे लेखन-वाचन जवळपास बाजूला ठेवून तोंडी शिकवत.

शाळा डोळे बिघडवते, हे त्या काळात अनेकांना पटलेले मत होते. पिअर्सन यांचे मत नेमके उलटे होते.

१९०९च्या अहवालाने काय सांगितले?

गाल्टन यांच्या पैशांतून युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुप्रजननशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली होती आणि १९०७पासून तिची सूत्रे पिअर्सन यांच्याकडे होती. सुप्रजननशास्त्र, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांना अधिक मुले व्हावीत आणि ‘वाईट’ वंशाच्यांना कमी, असे मानणारा विचार. या प्रयोगशाळेतून १९०९मध्ये एमी बॅरिंग्टन आणि पिअर्सन यांचा दृष्टीच्या आनुवंशिकतेवरील अहवाल निघाला.

त्यांनी स्वतः नवी तपासणी केली नाही. उपलब्ध तपासण्यांचे आकडे घेतले आणि गुणांक काढले. एकीकडे नातेवाइकांच्या डोळ्यांतील साम्य. दुसरीकडे मुलाची दृष्टी आणि घरातील गर्दी, गरिबी, पालकांची स्थिती, शाळा यांच्यातील संबंध. पहिले गुणांक मोठे आले, दुसरे क्षुल्लक. निष्कर्ष असा की दृष्टी ठळकपणे वारशाने येते, वाईट घराने ती फारशी बिघडत नाही आणि शाळा डोळ्यांना इजा करते याला पुरेसा पुरावा नाही.

यात एक गोष्ट मान्य करायला हवी. गर्दीच्या, गरीब घरांचा लघुदृष्टीशी मोठा संबंध दिसला नाही, हे बरोबर असू शकते. तेव्हा मायनस नंबर हा गरिबांपेक्षा शिकणाऱ्यांना अधिक लागणारा विकार होता. पण एवढ्यावरून परिस्थितीचा प्रभावच नाही असे म्हणणे, ही फार मोठी उडी होती.

गणित बरोबर, तर निष्कर्ष चुकीचा कसा?

तीन कारणे सांगता येतात. पहिले, आईवडील मुलांना फक्त रक्त देत नाहीत. घरातली पुस्तके, अभ्यासाची शिस्त, खेळायला बाहेर सोडण्याची किंवा न सोडण्याची पद्धतही देतात. वाचणाऱ्या बापाच्या वाचणाऱ्या मुलाला चष्मा लागला, तर तो वारशाने लागला की वाचनाने, हे एकट्या गुणांकाला कळत नाही.

दुसरे, सगळीच मुले शाळेत जाणारी असतील, तर शाळेचा परिणाम दिसणार कसा? एखाद्या गावात प्रत्येक जण सारखेच मीठ खात असेल, तर रक्तदाबातील फरकाला मीठ कारण आहे असे त्या गावाच्या आकड्यांत कधीच दिसणार नाही. परिस्थिती सगळ्यांची सारखी असली की उरलेला फरक आनुवंशिकतेच्या खात्यावर जमा होतो.

तिसरे, जे मोजले नाही ते आकड्यांत येत नाही. आज महत्त्वाचा मानला जाणारा घटक, म्हणजे मूल दिवसाचा किती वेळ घराबाहेर उजेडात घालवते, तो या हिशेबात नव्हताच.

हीच घाई पुढच्या वर्षीही दिसली. एथेल एल्डरटन आणि पिअर्सन यांनी १९१०मध्ये दारुड्या पालकांचा मुलांच्या आरोग्यावर आणि बुद्धीवर फारसा परिणाम दिसत नसल्याचे मांडले. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल आणि जॉन मेनार्ड केन्स त्यांच्यावर तुटून पडले. आकडे ज्या वस्तीतले आहेत त्यावरून सगळ्या समाजाबद्दल बोलता येत नाही, हा केन्स यांच्या आक्षेपांतील एक मुद्दा होता. पिअर्सन यांनी माघार घेतली नाही.

या चुकीची किंमत काय होती?

प्रश्न फक्त चष्म्याचा राहिला नाही. दोष रक्तात असेल, तर शाळेत उजेड वाढवून किंवा गरिबांची घरे सुधारून काय साधणार? सुधारणांवरचा खर्च व्यर्थ आणि खरा उपाय म्हणजे कोणी मुले जन्माला घालावीत हे ठरवणे, अशी ही विचारसरणी होती. तरुणपणी कामगारांना मार्क्स समजावणारा हा माणूस आता वंशावंशांच्या झगड्याला प्रगतीचे इंजिन मानत होता. १९२५मध्ये मार्गारेट मूल यांच्यासह लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी रशिया आणि पोलंडमधून लंडनला आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांची मोजमापे मांडून या स्थलांतराच्या विरोधात कौल दिला.

जर्मनीत १९३३मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याच्या यादीत आनुवंशिक अंधत्वही होते. डोळ्याचा दोष हे माणसाच्या शरीरावर सरकारने शस्त्र चालवण्याचे कारण ठरले. पुढच्याच वर्षी आपल्या सत्कार समारंभात पिअर्सन यांनी सुप्रजननाच्या भवितव्याबद्दल बोलताना हिटलर यांच्या योजनांकडे आशेने पाहिले. त्या योजना कुठवर जातील, हे पाहायला ते राहिले नाहीत.

त्यांच्या प्रयोगशाळेने डोळ्यांसाठी काही चांगले केले का?

नक्कीच. नेत्रतज्ज्ञ एडवर्ड नेटलशिप आणि चार्ल्स अशर यांच्यासह पिअर्सन यांनी वर्णहीनतेवर, म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य नसण्याच्या अवस्थेवर, मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९०९पासून ‘ट्रेझरी ऑफ ह्यूमन इनहेरिटन्स’ या मालिकेत शेकडो कुटुंबांच्या वंशावळी छापल्या जाऊ लागल्या. त्यात ज्युलिया बेल यांनी दृष्टिपटलाचे आनुवंशिक रोग आणि रंगांधळेपणा यांवर केलेले काम वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ संदर्भ म्हणून वापरले गेले. एकाच जनुकातील बिघाडाने होणाऱ्या आजारांसाठी वंशावळीची पद्धत चोख होती. लघुदृष्टीचे कोडे मात्र त्यापेक्षा गुंतागुंतीचे होते.

मग योग्य पद्धत कोणती निघाली?

जुळ्यांची. निसर्गाने जुळ्यांचे दोन प्रकार केले आहेत. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांची जनुके साध्या भावंडांइतकीच जुळतात. घर, शाळा, वय मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच. त्यामुळे पहिल्या प्रकारात साम्य जास्त आढळले, तर जास्तीच्या साम्याचे श्रेय जनुकांना देता येते. जुळ्यांचा अभ्यास करावा हे गाल्टन यांनी १८७५मध्येच सुचवले होते. पण दोन्ही प्रकारांची अशी तुलना फार पुढे झाली. १९२२मध्ये वाल्टर याब्लोन्स्की या जर्मन संशोधकाने ती केली आणि त्यासाठी निवडला तो डोळ्यांचा नंबर. हा जगातील अशा प्रकारचा पहिला अभ्यास असावा, असे काही संशोधक मानतात.

ब्रिटनमधील ५०६ जुळ्या जोड्यांचा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नंबरमधील फरकांपैकी सुमारे ८५ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. म्हणजे पिअर्सन बरोबर होते? नाही. हा टक्का एका समाजातील माणसामाणसांतल्या फरकाबद्दल बोलतो. एखाद्या मुलाच्या नंबरपैकी इतका भाग जनुकांचा, असा त्याचा अर्थ नाही. समाजाची राहणी बदलली, तर सगळ्यांचाच नंबर वाढू शकतो. अलास्कातील बॅरो येथील एस्किमो कुटुंबांत १९६९च्या अभ्यासात हेच दिसले. ज्येष्ठ पिढीत लघुदृष्टी जवळपास नव्हती, शाळेत गेलेल्या तरुण पिढीत ती मोठ्या प्रमाणावर होती. जनुके दोन पिढ्यांत बदलत नाहीत.

जनुकांच्या शोधाने काय सांगितले?

लघुदृष्टीचे एक जनुक नाही, हे आधी कळले. याचा पाया रोनाल्ड फिशर यांनी १९१८मध्ये घातला होता. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र आले की उंचीसारखा सलग बदलणारा गुण तयार होतो, हे त्यांनी गणिताने दाखवले. पिअर्सन आणि मेंडेल यांचे अनुयायी ज्यावरून वर्षानुवर्षे भांडत होते, तो वाद त्याने मिटला. पिअर्सन यांना मात्र फिशर कधीच रुचले नाहीत.

आज हजारो लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी करून नंबर असलेल्या आणि नसलेल्यांतील फरक शोधतात. २०१०मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर अशा पहिल्या ठळक जागा सापडल्या. २०२०मध्ये ५,४२,९३४ जणांच्या माहितीतून या जागांची संख्या चारशेपलीकडे गेली. प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. यांतील बऱ्याच जागा दृष्टिपटल प्रकाशाला कसा प्रतिसाद देते त्याच्याशी निगडित आहेत. म्हणजे जनुकांचा माग काढत गेलेले संशोधन पुन्हा उजेडापाशी, म्हणजे परिस्थितीपाशीच येऊन थांबले.

शाळेवरचा आरोप सिद्ध झाला का?

बऱ्याच अंशी, आणि तोही जनुकांच्याच साक्षीने. काही जनुकीय फरकांमुळे माणूस थोडी अधिक वर्षे शिकण्याकडे कलतो, तर काहींमुळे नंबर लागण्याकडे. हे फरक जन्मतःच सोडतीसारखे वाटले जातात. त्यामुळे शिक्षणाने नंबर वाढतो की नंबर असलेली मुले अधिक शिकतात, हे तपासता येते. ब्रिटनमधील ६७,७९८ जणांवर २०१८मध्ये हा प्रयोग झाला. शिक्षणाचे प्रत्येक जास्तीचे वर्ष नंबर सुमारे पाव डायऑप्टरने मायनसकडे नेते, असे त्यात दिसले. उलट दिशेचा पुरावा जवळपास मिळाला नाही. कोन यांनी १८६७मध्ये जे पाहिले, त्याला दीडशे वर्षांनी दुजोरा मिळाला.

यावर उपाय शाळा सोडणे हा नाही. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला गेला. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवते आणि डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग त्याने मंदावतो, असे यामागचे कारण मानले जाते.

पिअर्सन यांची अखेर कशी झाली? भारताशी नाते काय?

१९३३मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या विभागाचे दोन तुकडे झाले. सुप्रजननशास्त्र फिशर यांच्याकडे गेले, संख्याशास्त्र त्यांचा मुलगा एगॉन यांच्याकडे. १९३५मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. २७ एप्रिल १९३६ रोजी सरे परगण्यातील कोल्डहार्बर येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय संख्याशास्त्राची मुळेही त्याच इमारतीत जातात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांना केंब्रिजमध्ये ‘बायोमेट्रिका’चे अंक दिसले, ते घेऊन ते कोलकात्याला परतले आणि पुढे भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी राहिली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३३ ते १९३६ या काळात युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एगॉन पिअर्सन आणि येझी नेमन यांच्याकडे शिकले. त्यांनी हे शास्त्र पीक पाहणी आणि पोषण यांच्यासाठी, म्हणजे लोकांची परिस्थिती सुधारण्यासाठी वापरले.

युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२०मध्ये आपल्या इमारतीवरील पिअर्सन यांचे नाव काढले. त्यांचा सहसंबंध गुणांक मात्र लघुदृष्टीवरील नव्या अभ्यासांत आजही येतो.

मग घरातल्या त्या दोन वाक्यांपैकी खरे कोणते? दोन्ही. आईवडिलांना चष्मा असेल तर मुलाला धोका जास्त असतो, त्यामुळे त्याचे डोळे वेळेवर तपासायला हवेत. पण जनुके बदलता येत नाहीत, संध्याकाळ बदलता येते. पुस्तक किंवा मोबाइल बाजूला ठेवून मुलाला रोज उजेडी मैदानावर सोडणे, हा पालकांच्या हातातला उपाय आहे. पिअर्सन यांच्या आकड्यांत त्या मैदानाचा रकाना नव्हता.